हळदीतली खूण

चांगुणा खंडागळेशी दोन शब्द बोलून ज्याचा दिवस चांगला गेला असा माणूस उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात शोधूनही सापडला नसता. टेकचंद सेठच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात ती मागच्या खोलीत मशीनसमोर बसायची, आणि लग्नाची कॅसेट करायला आलेली माणसं तिच्या खोलीत शिरण्याआधी सेठला विचारायची, "बाईंचा मूड कसाय?" सेठ हात वर करायचा. मूड असायला काही कारण लागतं. चांगुणाला कारणबिरण लागत नव्हतं, राग तिच्या नाकावर कायमचा भाडेकरू होता.

"बाई, नवरदेवाच्या एंट्रीला ते नवीन गाणं टाका ना."

"नवरदेव चालतो कसा ते बघितलंत का? खाली बघत चालतो. त्याला ते गाणं टाकलं तर लोक हसतील. तुम्हाला हसवायचंय का लोकांना?"

गाणं चांगुणाच्या मनातलंच पडायचं आणि कॅसेट बघून तोच माणूस पुढच्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न घेऊन यायचा. म्हणून तर टेकचंद सेठ तिला सहन करत होता. "क्या करें साईं," तो म्हणायचा, "जुबान कैंची है, पर हाथ भी कैंची है."

आता ही बाई अशी का झाली, हे सांगायचं तर पंच्याऐंशी सालात जावं लागतं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, शहाडला दिलेली. नवरा कारखान्यात कामाला, पगार चांगला, आणि हात पगारापेक्षा सैल. मार खाऊन ती अंबरनाथला बुवापाड्यात भावाकडे आली. भाऊ म्हणजे भीमराव. सरकारी कचेरीत कारकून, विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. वस्तीत शब्दाला मान. त्यानं काय केलं? बहिणीला स्वतः शहाडला नेऊन सोडलं, नवऱ्याबरोबर बसून चहा प्याला आणि बहिणीला सांगितलं, "जुळवून घे." दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. तोच चहा, तेच जुळवून घे.

तिसऱ्यांदा ती भावाच्या घरी गेलीच नाही. रविवारी सकाळी विहारात मीटिंग भरली होती, तिथं जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर भावाच्या नावानं सुरू झाली. तिच्या तोंडाचा पट्टा तेव्हापासूनचा. "पंचशील शिकवतो लोकांना! बहिणीचे दात पाडणाऱ्याच्या घरी बसून बशीत चहा ओतून पितो, फुंकर मारून! हा सेक्रेटरी!" माणसं खाली बघत होती. बायका तर बघतही नव्हत्या. भीमराव उठला, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाला, "आजपासून तू मला मेलीस."

"मेले तर मेले," चांगुणा म्हणाली. "रडायला येऊ नकोस."

असं भांडणात कोण म्हणत नाही? रोज कुणी ना कुणी कुणाला मेलेलं असतं, आणि आठव्या दिवशी एका ताटात जेवतात. पण भीमराव तसला नव्हता. दिलेला शब्द पाळणारा माणूस. पुढं दोन वर्षांत त्यानं बुवापाडा सोडला, बदलापूरला हेंद्रेपाड्यात ब्लॉक घेतला, नवे शेजारी, नवी ओळख. तिथं कुणी विचारलं तर, "आम्हाला बहीण होती, वारली." चांगुणाच्या कानावर हे कुणाकुणाच्या तोंडून यायचं. ती हसायची. "मीच कुठं त्याला जिवंत धरलाय," असं म्हणायची आणि त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं जास्त खायची.

शहाडला ती पुन्हा गेली नाही, पाच नंबरातच खोली घेऊन राहिली. दुकानात लागली होती कॅसेटवर लेबलं चिकटवायला. तेव्हा मिक्सिंग म्हणजे दोन व्हीसीआर शेजारी शेजारी. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि कुठून कुठवर घ्यायचं ते काउंटरच्या आकड्यावरून. आकडा चुकला की नवरीच्या गळ्यात हार पडायच्या आत बुफे सुरू. चांगुणा लेबलं चिकटवता चिकटवता बघत राहिली. जो मिक्सिंगवाला होता तो गावाला गेला आणि आलाच नाही, त्या हप्त्यात सेठ डोक्याला हात लावून बसला असताना ही म्हणाली, "सरका." बारा वर्षं तिनं ते काम केलं. कुठल्या आकड्यावर काय आहे ते शाळेच्या वहीत लिहायची, अशा वह्यांचा ढीग तिच्या खुर्चीखाली होता.

अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर हिंदुराव. दादरला कोर्स केलेला, तिशीचा, केसाला जेल. त्यानं पहिल्याच दिवशी त्या वह्या बघितल्या आणि म्हणाला, "बाई, ये सब रद्दी में डालो. आता हे चालत नाही."

"तू चालतोस ना? मग चल तिकडं."

महिनाभर तिनं त्याच्या पाठीमागं उभं राहून बघितलं. हिंदुराव हुशार होता, पण आळशी. एक जागा शोधायची तर अख्खं लग्न पुढं मागं ओढत बसायचा. त्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर मार्कर ठेवायची सोय होती. चित्र चालू असताना नंबरांच्या बाजूचं चांदणीचं बटण दाबलं की वरच्या पट्टीवर एक बारीक टोकदार खूण पडायची. खुणेवर दोनदा क्लिक केलं की चौकट उघडायची, तीत आपल्याला हवं ते लिहून ठेवायचं. हिंदुरावाला हे माहीत होतं, कधी वापरलं नव्हतं. चांगुणानं पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं की ही तर आपली वही. फरक एवढाच की आता आकडा लिहायला मान खाली घालावी लागत नाही. ती हेडफोन लावायची, उजवा अंगठा चांदणीवर ठेवायची आणि अख्खं लग्न एकदा, एकदाच, न थांबवता बघायची. टक, टक, टक. उठायची तेव्हा पट्टीवर दीडशे खुणा पडलेल्या असायच्या. मग कापाकापी म्हणजे नुसतं एका खुणेवरून दुसरीवर जायचं. हिंदुरावाला ज्याला तीन दिवस लागत ते ही दीड दिवसात उरकायची. झालं, हाडवैर जुळलं.

खुणांच्या चौकटीत ती काय लिहायची हा दुकानातला गुपचूप चर्चेचा विषय होता. इंग्रजी अक्षरांत मराठी शिव्या. "मामा फुकटचा नाचतो, काप." "सासू इथं नाक मुरडते, ठेव." "कॅमेरावाल्याला जेवण मिळालं वाटतं, वीस मिनिटं गायब." क्वचित एखादी, "नवरी रडली. खरं रडली. गाणं टाकू नको." पडद्यावर यातलं काही दिसायचं नाही, खुणा आपल्या मशीनच्या पोटात. काम संपलं की ती सगळ्या पुसून टाकायची.

बौद्ध लग्नांचं सगळं काम तिच्याकडं यायचं, तेही भांडणातूनच. हिंदुरावानं एकदा एका बौद्ध लग्नाला आपलं नेहमीचंच सगळं चिकटवलं होतं. त्रिशरण चालू असताना वरून मंगलाष्टकं, आणि सुरुवातीला आजोबांच्या फोटोखाली "कै." पोरीकडची दहा माणसं दुकानात आली. "आमचा आजोबा कैलासाला गेला नाही," त्यातला म्हातारा काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, "कालकथित लिहा." सेठनं हात जोडले. चांगुणा मागून बाहेर आली आणि गिऱ्हाइकांच्या वरताण तिनं हिंदुरावाला झोडपला. तेव्हापासून तसली कॅसेट आली की हिंदुराव तिला हातही लावत नसे, चांगुणाच्या टेबलावर ठेवून चालू लागायचा.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात बदलापूरच्या एका कॅमेरावाल्यानं चार कॅसेटी आणून टाकल्या. सोबत कागद. वधूचं नाव बकुळा. सुरुवातीला बुद्धांचं आणि बाबासाहेबांचं चित्र, मग दिवंगत माणसांचे दोन फोटो, खाली नावं. कालकथित राघो खंडागळे, कालकथित धोंडाबाई खंडागळे.

राघो आणि धोंडाबाई. चांगुणाचे आईबाप.

तिनं कागद पालथा ठेवला. "हे मी करणार नाही," ती म्हणाली. सेठनं पुढच्या खोलीतून विचारलं, काय झालं? "काही नाही," म्हणाली आणि पहिली कॅसेट आत ढकलली.

हेडफोन लावले. मांडव दिसला, जनाबाई दिसली, भावजय, केस पिकलेले, अंगानं सुटलेली. आणि पाटावर ती पोरगी. चांगुणानं पाहिली होती तेव्हा पाच वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. आता नाकाडोळ्यानं अगदी धोंडाबाई. अंगठा चांदणीवर होता पण चालत नव्हता. त्याचाच राग येत होता. आपलं कोण लागतं हे? कुणी नाही. काम आहे, कर.

हळद सुरू झाली. वाटी हातात घेतलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं, हिची आत्या कुठाय? आत्याची हळद आधी. आत्याला बोलवा."

मांडवात क्षणभर गडबड. मग बाजूनं भीमराव चौकटीत आला. टक्कल पडलेलं, पण तोच पांढरा शर्ट. म्हातारीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आत्या नाही तिला. वारली."

म्हातारी च्च च्च करत जनाबाईच्या बहिणीकडं वाटी घेऊन वळली. पोरीनं मान खाली घातली. भीमराव निघून गेला. एवढंच.

लोकांच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या कानात, हेडफोनमधून, भावाच्या आवाजात ऐकणं वेगळं. चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुणा मारता मारता पहिल्यांदाच तिनं चित्र थांबवलं, मागं नेलं. पुन्हा ऐकलं. वारली. किती सहज! पावती फाडल्यासारखा म्हणाला मेला. तिनं बोलण्याच्या आधी एक खूण मारली आणि शेवटच्या शब्दानंतर दुसरी. पहिलीवर दोनदा क्लिक केलं, चौकट उघडली, आणि लिहिलं, "इथं मी मेले."

मग खुर्चीला टेकून बसली आणि तिच्या डोक्यात ते आलं.

हळदीला गाणं टाकायचं असतं. तिनं टाकलं, चांगलं घुमणारं. पण त्या दोन खुणांच्या मध्ये गाणं खाली उतरवलं, पार शून्यावर. पाच सेकंद सगळ्या मांडवात फक्त भीमराव बोलतो, वारली, आणि मग गाणं पुन्हा वर. बहिऱ्यालासुद्धा ऐकू गेलं असतं. मग ती सुरुवातीला गेली. राघोचा फोटो, धोंडाबाईचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी तिनं तिसरी चौकट केली. फोटोच्या जागी कमळ. खाली अक्षरं, कालकथित चांगुणा खंडागळे, वधूची आत्या.

मेली म्हणतोस ना चारचौघांत? मग घाल हार. लाव आईबापाच्या शेजारी. घरात माणसं जमव, टीव्ही लाव आणि वाच मोठ्यानं. नाही तर ये इथं, ह्या दुकानात, माझ्या तोंडासमोर उभा राहा आणि सांग की खोडा, ती जिवंत आहे. तुझ्या तोंडानं सांग. तिला एवढंच हवं होतं. चौदा वर्षांत दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि हे हवं होतं हेही तिला आत्ताच कळत होतं.

हिंदुराव पाठीमागून वाचत होता. "बाई, हे नाव तर..."

"तुझ्या बापाचं आहे? नाही ना? मग गप."

हिंदुराव, कधी नव्हे तो, मुकाट आपल्या खुर्चीकडं वळला.

कॅसेट गेली. चांगुणानं आठ दिवस वाट बघितली. जिन्यावर पावलं वाजली की पाठ ताठ व्हायची. काय काय बोलायचं ते तिनं घोळून ठेवलं होतं. चहाच्या बशीपासून सुरू करणार होती. "या सेक्रेटरी," असं म्हणणार होती. "मेलेल्या माणसाकडं काय काम काढलंत?" रस्त्यात, चुलीपुढं, नळावर, सारखं तेच. शेजारीण म्हणाली, बाई, कुणाशी पुटपुटता? तिलाही दोन ठेवून दिल्या, शब्दांच्या.

नवव्या दिवशी दुपारी खोलीच्या दारात एक पोरगी उभी राहिली. हातात हिरवा चुडा, मेंदी उतरत आलेली.

"मिक्सिंगवाल्या बाई तुम्हीच ना?"

चांगुणानं मान वळवली आणि ओळखलं. "काय पाहिजे?"

"बदलापूरची कॅसेट, खंडागळ्यांची. मी बकुळा. खूप छान झालीय, सगळ्यांना आवडली."

"सगळ्यांना?"

"हो ना."

"तुझ्या बापाला?"

पोरीला ते विचारणं जरा विचित्र वाटलं, पण ती बोलून गेली, "पप्पांनी सुरुवात दोनदा बघितली. रिवाइंड करून. ते आत्याचं नाव आहे ना, तिथं थांबवलं. मला वाटलं काही चुकलं. पण म्हणाले, बरोबर आहे."

बरोबर आहे. चांगुणा स्क्रीनकडं बघत राहिली. स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाची तरी वरात थांबलेली होती. आठ दिवस घोळवलेलं सगळं तोंडातल्या तोंडात आंबलं. नालायक माणूस! खोडायलासुद्धा आला नाही. सही करून मोकळा झाला.

"मग काम काय आहे तुझं?" ती खेकसली.

"तिथं फोटो नाहीये आत्याचा. नुसतं कमळ आहे. बरं नाही वाटत ते, आजी-आजोबांचा फोटो आणि तिचाच नाही." पोरीनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला फोटो काढला. "पप्पांना माहीत नाही. आईनं ट्रंकेतून दिला. म्हणाली, त्याच दुकानात जा आणि त्या बाईंच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाकडं देऊ नको."

फोटो टेबलावर आला. काळापांढरा, कडा पिवळ्या. बुवापाड्याच्या दारात उभी एक हडकुळी तरुण बाई, कडेवर टोपडं घातलेलं बाळ, आणि बाई हसतेय. दात सगळे शाबूत.

"ही मी," बकुळा बाळावर बोट ठेवून म्हणाली. "माझं नाव तिनंच ठेवलं, बारशाला. शाळेत सगळ्या हसायच्या, म्हातारीचं नाव म्हणून. मी आईला म्हणायचे, बदल. आई म्हणायची, आत्यानं कानात सांगितलंय, बदलता येत नाही." ती थोडी थांबली. "मला तिचं काहीच आठवत नाही. दर वर्षी आजीची पुण्यतिथी असते ना, तेव्हा मी मनात तिच्याही नावानं मेणबत्ती लावते."

हिंदुरावाची खुर्ची करकरायची थांबली होती.

"हार घालून लावाल ना फोटो? किती दिवस लागतील?"

"मंगळवारी ये," चांगुणा म्हणाली. जा आता, असं तिला म्हणायचं होतं. पोरगी दाराकडं वळली, आणि दारातच थबकली.

"बाई, एक विचारू? तिचं नाव तुम्हाला कुणी दिलं? कागदावर पप्पांनी सांगितलेली दोनच नावं होती. मीच लिहिला होता तो कागद."

"कॅसेटमध्ये ऐकलं. हळदीत. तुझा बाप सांगतो की आत्या वारली."

"वारली एवढंच म्हणतात. नाव नाही घेत. तिथं गाणं बंद होतं ना, म्हणून मी चार वेळा ऐकलं. आमच्या घरात तिचं नाव कुणीच घेत नाही."

दोन खुणा, पाच सेकंद, स्वच्छ आवाज. चांगुणानं स्वतःच्या हातानं स्वच्छ करून दिला होता. दुसरी कुणी असती तर कॅमेरावाल्यानं सांगितलं म्हणून सुटली असती. पण आणखी एक थाप मारायची तर आधी गोड बोलावं लागतं, आणि ती सवय तिला नव्हती.

"कारण ते माझं नाव आहे," ती फाडकन म्हणाली. "मी चांगुणा. कुणी वारली बिरली नाही. तुझ्या बापाला मी मेले, आणि त्यानं तुम्हा सगळ्यांना मारून दाखवली. चौदा वर्षं इथंच बसलेय, ह्याच खुर्चीवर. झालं समाधान?"

बकुळा जागची हलली नाही. तिनं फोटोकडं बघितलं, मग समोरच्या बाईकडं, जाडसर चष्मा, दोन दात नाहीत, मग पुन्हा फोटोकडं. चांगुणाला वाटलं, आता ही रडेल. रडली असती तर सोपं होतं. रडणारी माणसं ती रोज बघत होती.

पण पोरीच्या नाकपुड्या फुलल्या. ती चार पावलं परत आली, टेबलावरचा फोटो उचलला आणि रुमालात गुंडाळायला लागली. गाठ बसत नव्हती.

"इथंच," ती म्हणाली. "बदलापूर दोन स्टेशनं."

"तुझा बाप..."

"बापाचं मी बघते घरी जाऊन. त्यानं मारली, बरं. मी काय केलं होतं? पाच वर्षांची होते मी. शाळेच्या फाटकाशी तर येता आलं असतं. मग इतकी वर्षं मेली होतीस कुठं, आत्या?"

चांगुणानं तोंड उघडलं. तिच्याकडं सगळ्यांना द्यायला उत्तर होतं, सेठला, हिंदुरावाला, भीमरावाला तर आठ दिवसांचं. पण तिनं पोरीच्या हातातला रुमाल घेतला आणि ती न बसणारी गाठ आपणच मारायला लागली.